घरातील माणूस मरण मागतो तेव्हा



आजच्या पाठाचा विषय आपल्या घरांत सहसा उघडपणे बोलला जात नाही. जुम्याच्या खुतब्यात तो क्वचित येतो, आणि आला तर बहुधा एकाच वाक्यात येतो: आत्महत्या हराम आहे. हे वाक्य सत्य आहे व त्याविषयी उम्मतमध्ये मतभेद नाही. परंतु ज्या घरात मुलगा, सून, भाऊ किंवा वृद्ध वडील मरणाच्या गोष्टी बोलू लागले आहेत, त्या घरातील माणसांना एवढ्या वाक्याने पुढचे पाऊल कळत नाही. शरीअतने त्यांच्यावर कोणते काम सोपवले आहे, हे आज पाहावयाचे आहे.

प्रारंभ सूरह मरयमपासून करू. हजरत मरयम (अलै.) प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन एका खजुराच्या खोडाजवळ आल्या. त्या एकट्या होत्या. लोक काय बोलतील हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्या घटकेला त्यांच्या तोंडून निघाले की, याआधीच आपल्याला मरण आले असते आणि आपले नावही लोक विसरून गेले असते तर बरे झाले असते. ज्या स्त्रीला सूरह आलि इमरानमध्ये जगातील स्त्रियांमधून निवडलेली म्हटले आहे, तिचे हे उद्गार आहेत, आणि दिव्य कुरआनने ते झाकून ठेवलेले नाहीत. मरणाची इच्छा आणि जीव देण्याचा बेत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे खरे. हजरत मरयम यांच्या बाबतीत तर दुसऱ्या गोष्टीचा लवलेशही नाही. तरीही दुःखाने मरण मागावेसे वाटणे म्हणजे ईमान उरले नाही, असा निष्कर्ष काढण्यास या आयतीनंतर जागा राहत नाही.

आता पुढच्या आयती सावकाश वाचा. खालच्या बाजूने एक हाक येते. ती हाक जिब्रईल (अलै.) यांची की नवजात ईसा (अलै.) यांची, यावर भाष्यकारांची दोन मते आहेत, हाकेत काय होते ते मात्र आयतीतच आहे. दुःख करू नकोस असा धीर आहे. पायाशी पाण्याचा झरा आहे. खोड आपल्याकडे हलव म्हणजे ताजे खजूर पडतील, असे सांगणे आहे. खा, पी, डोळे निवव, आणि कोणी माणूस भेटला तर आज मी न बोलण्याचा नवस केला आहे असे कळव. असे बोललीसच कशी, हा प्रश्न या हाकेत कुठेही नाही. आधी धीर, मग पाणी, मग अन्न, मग लोकांच्या प्रश्नांपासून सुटका, असा क्रम आहे. आणि प्रसूतीच्या वेदनेत असलेल्या स्त्रीला संपूर्ण झाड हलवावयास लावलेले नाही. हात लावण्याएवढेच तिच्याकडून मागितले, बाकीचे अल्लाहने केले. मनाने खचलेल्या माणसाशी कसे वागावे, याचा याहून नेमका धडा मला अन्यत्र सापडलेला नाही.

मनाईची आयत सूरह निसामध्ये आहे, एकोणतिसावी. तिच्यात आपले जीव घेण्यास मनाई आहे, आणि त्याच आयतीच्या शेवटी अल्लाह तुमच्यावर दया करणारा आहे असे म्हटले आहे. आपण पहिला भाग ऐकवतो आणि दुसरा गाळतो. शिवाय आयतीतील संबोधन अनेकवचनी आहे. अनेक भाष्यकारांनी तिचा एक अर्थ ‘एकमेकांना मारू नका’ असाही केला आहे, कारण श्रद्धावान हे सगळे मिळून एका जिवासारखे आहेत. हा अर्थ लक्षात घेतला तर आयत केवळ खचलेल्या माणसाला उद्देशून राहत नाही. त्याच्या भोवती बसलेल्या आपल्यालाही ती बांधून घेते. एकाचा जीव जात असेल तर तो वाचवणे ही सगळ्यांची जबाबदारी ठरते.

दिसणे आणि विचारणे

आपल्या घरांत एक अडचण विशेष आहे. खचलेल्या माणसाची काही लक्षणे आपल्याला दीनदारीसारखी दिसतात. तरुण मुलगा मित्रांना भेटेनासा होतो, तेव्हा आपण म्हणतो, दुनियेचा मोह सुटला. बहीण जेवत नाही, तेव्हा वाटते नफली रोजे धरते आहे. एखादा मनुष्य अचानक सर्वांकडे जाऊन कहा-सुना माफ करावयास सांगतो, उधारी फेडतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, तेव्हा घरातले कौतुक करतात. हज-उमऱ्याला निघालेला मनुष्य असे करतो, ते योग्यच आहे. पण कुठेही निघालेला नसताना, महिनोन्महिने उदास असलेला मनुष्य हे करू लागला तर कौतुक बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, आपण सर्वांवर ओझे झालो आहोत असे बोलणे, कायम वाचणारी नमाज एकाएकी सुटणे, आणि दीर्घ अस्वस्थतेनंतर कारण नसताना आलेली शांतता, यांकडेही लक्ष असावे. परीक्षेचा निकाल, तलाक, कर्जवसुलीचा तगादा, नोकरी जाणे, मोडलेला साखरपुडा अशा प्रसंगांनंतरचे दिवस अधिक जपण्याचे असतात.

मग विचारावे, आणि सरळ विचारावे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. मानसोपचाराचा अनुभव याच्या उलट आहे: स्पष्ट विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, उलट बोलता आले म्हणून माणसाला हलके वाटते. धाकट्या भावाला विचारा, “तुझ्या मनात जीव द्यावा असं येतं का?” वडिलांना विचारा, “अब्बा, तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का?” घरात दख्खनी बोलत असाल तर दख्खनीत विचारा, कोकणी बोलत असाल तर कोकणीत. “तू असा वेडावाकडा विचार तर करत नाहीस ना?” असे मात्र विचारू नये. या प्रश्नात उत्तर आधीच ठरवून दिलेले असते, आणि तो मुकाट्याने ‘नाही’ म्हणतो.

उत्तर ‘हो’ आले तर ऐका. त्या वेळी जहन्नमचे वर्णन करू नका. आत्महत्येवर हदीसमध्ये आलेला इशारा अत्यंत कठोर आहे, हे मी एक आलिम म्हणून जाणतो आणि ते नाकारत नाही. पण मुसलमान घरात वाढलेल्या माणसाला तो हुकूम ठाऊकच असतो. कित्येकांना तोच हुकूम आजवर थोपवून धरीत असतो, आणि असा विचार आपल्या मनात आला याचीच त्याला लाज वाटत असते. अशा माणसाला पुन्हा धमकावले की तो पुढच्या वेळी तुमच्याजवळ बोलत नाही. “लोक किती कठीण दिवस काढतात, तुला काय कमी आहे?” हेही वाक्य टाळावे. कृतज्ञतेचा उपदेश स्वस्थ मनासाठी आहे. तापाने फणफणलेल्याला आपण धावण्याचे फायदे सांगत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कोणत्याही संकटामुळे मरणाची इच्छा करू नये असे शिकवले. ही रिवायत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा उत्तरार्ध फार कमी सांगितला जातो. एखाद्याला तशी इच्छा केल्यावाचून राहवतच नसेल तर त्याने अल्लाहकडे मागावे की, जगणे माझ्यासाठी चांगले असेल तोवर मला जगव आणि मरण चांगले असेल तेव्हा मरण दे. राहवत नाही अशी अवस्था येऊ शकते, हे प्रेषितांनी येथे मान्य केले आणि त्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती एक दुआ दिली. निर्णय त्याच्या हातून काढून अल्लाहकडे सोपवण्याची ही दुआ आहे. त्याला ऐकावेसे वाटले तर ती त्याच्यासोबत म्हणावी. बळेच म्हणून घेऊ नये.

धोक्याची घटका

काहींच्या बाबतीत विचार पुढे गेलेला असतो. कसे आणि केव्हा हेही त्यांनी ठरवलेले असते. हे तुम्हाला विचारल्यावरच कळते, म्हणून तेही विचारावे. ठरवले असेल तर त्या क्षणापासून त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. शेतीची औषधे घरात असतील तर ती त्याच दिवशी दुसऱ्याच्या कुलपात जावीत. गोळ्यांच्या पट्ट्या घरातील एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असाव्यात व दररोज त्या दिवसापुरतेच औषध हातात द्यावे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपण व्यापार-व्यवहाराला लावतो. ती येथे अधिक लागू आहे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि पुढील काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. लोकांची दुःखे काही त्या बंदीने संपली नव्हती.

“कोणाला सांगणार नाही अशी शपथ घे,” असे तो म्हणेल. अशी शपथ घेऊ नका. गुपित ही अमानत आहे, पण जीवही अमानत आहे, आणि हानी टाळण्यासाठी गुपित योग्य माणसापर्यंत नेण्यास फिकहमध्ये मुभा आहे. त्याला प्रांजळपणे सांगा, “गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला ज्यांची गरज आहे त्यांना सांगेन.” मोहल्ल्यात चर्चा होऊ न देणे हे तुमचे काम. हजरत मरयम यांना दिलेल्या मौनाच्या सवलतीची येथे आठवण ठेवा.

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. खचलेल्या व्यक्तीप्रमाणे तिच्या घरच्यांनीही या क्रमांकावर सल्ला घ्यावा. प्रत्यक्ष प्रयत्न झाला असेल किंवा होण्याच्या बेतात असेल तर मात्र फोनवर वेळ न दवडता १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ क्रमांक, आणि जवळचे रुग्णालय.

पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळणारी घरे आजही आहेत. त्यांनी कायदा जाणून घ्यावा. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा न करता तिची देखभाल व उपचार करण्याचे कर्तव्य सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नासाठीचे जुने ३०९ कलमच ठेवलेले नाही. रुग्णालय आपली नोंद करील, पोलीस विचारपूस करतील. एवढ्यासाठी माणूस घरात तडफडत ठेवू नये.

उपचार

येथे आपल्या समाजातील एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. उदासी म्हटले की आसेब, नजर किंवा जादू, आणि मग आमिलाकडे फेऱ्या. कुरआनच्या आयती व मसनून दुआ पढून दम करणे शरीअतसंमत आहे. आईने झोपताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ते करावे, त्याला पैसे लागत नाहीत. पण मारझोड करणारा, उपाशी ठेवणारा, डॉक्टरांची औषधे बंद करावयास सांगणारा मनुष्य आपल्या घरात येऊ देऊ नये, मग त्याची दाढी कितीही लांब असो. अबू दाऊदमधील रिवायतीनुसार प्रेषितांनी (स.) उपचार घेण्यास सांगितले आणि वार्धक्य सोडून प्रत्येक रोगाला अल्लाहने औषध ठेवले असल्याचे सांगितले. त्यातून मनाचे रोग वगळलेले नाहीत.

आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक होते. अबू झैद अल-बलखी हे इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान. शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते ते, आणि ज्याचे कारण सापडत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात शोधले व त्यावर शारीरिक उपचार सुचवले. त्यांची वैद्यकीय परिभाषा आज जुनी झाली आहे, पण “तुला दुःख व्हायला कारण तरी काय?” असे विचारणाऱ्या आजच्या आपल्यापेक्षा ते पुढे होते. इमाम गझाली (रह.) यांनी तर स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की ४८८ हिजरी, म्हणजे १०९५ साली, बगदादच्या निझामियात शिकवीत असताना त्यांची जीभ जणू बांधली गेली, अन्नपाणी जाईना, आणि वैद्यांनी हा आजार मनातून शरीरात उतरल्याचे सांगून हात टेकले. त्यांना जीव देण्याचे विचार आले असे मी म्हणत नाही. परंतु मन आजारी पडणे हे ईमानाच्या दुबळेपणाचे प्रमाण मानावयाचे असेल तर इमाम गझालींना कोणत्या रांगेत बसवणार?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला भिऊ नये. उदासीवरील औषधांचा गुण यावयास सहसा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. मन सावरण्याआधी अंगात शक्ती येते, म्हणून सुरुवातीचे हे आठवडे विशेष लक्ष ठेवण्याचे. बरे वाटले म्हणून औषध आपणहून थांबवू नये. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवाव्यात. काही औषधे अशी आहेत की अंगातील पाणी कमी झाले तर रक्तात त्यांचे प्रमाण घातक होते. अशांना डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर सूरह बकरामध्ये आजाऱ्याला दिलेली सवलत त्यांच्यासाठीच आहे. मानसिक आजार ‘दिसत नाही’ म्हणून ती सवलत नाकारणे हा आपला शोध आहे, शरीअतचा नव्हे.

जोडीला घरचे साधे काही असावे. हजरत आयशा (रजि.) आजाऱ्यासाठी व मयतीच्या घरातील दुःखितांसाठी तलबीना करावयास सांगत; ती मनाला आराम देते व दुःख काहीसे हलके करते, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. जवाच्या पिठाची ही पातळ, गरम पेज. औषधाला तो पर्याय आहे असा दावा कोणी करू नये. पण आठवडाभर नीट न जेवलेल्या माणसासमोर कोणी गरम वाटी आणून ठेवते आणि तो चार घास घेईपर्यंत शेजारी बसते, याला काही मोल आहे.

बाळंतिणीविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. हजरत मरयम यांचे उद्गार प्रसूतीच्या वेळचे आहेत, हे विसरू नका. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना इतकी खोल उदासी येते की बाळाकडे पाहवत नाही, आणि मनात भयंकर विचार येतात. निफासच्या दिवसांत नमाज माफ असते, त्यामुळे नेहमीचा आधारही सुटल्यासारखे काहींना वाटते. सासूबाईंनी, नणंदांनी हे नखरे समजू नयेत. या दिवसांत जिक्र आणि दुआ यांना मनाई नाही, हे तिला सांगावे, रात्री एकदा तरी बाळ आपल्याकडे घेऊन तिला सलग झोप मिळू द्यावी, आणि दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली तर दोन आठवडे नव्हे, त्याच दिवशी.

सांभाळणाराही थकतो. हजरत सलमान (रजि.) यांनी अबू दरदा (रजि.) यांना शरीराचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क असल्याची आठवण दिली, आणि प्रेषितांनी (स.) ती योग्य ठरवली. म्हणून पाळ्या लावा. एकट्या पत्नीवर किंवा एकट्या आईवर सारे टाकू नका. मामा, आत्या, विश्वासू शेजारी यांपैकी कोणीतरी आठवड्यातून दोन रात्री थांबू शकतो.

इतके करूनही कधी माणूस हातचा जातो. मग मशिदीत प्रश्न येतो: जनाजा पढावा का? हनफी मजहबमध्ये इमाम अबू हनीफा व इमाम मुहम्मद यांच्या मतानुसार गुस्ल द्यावा व जनाजा पढावा, आणि फतवा यावरच आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य लोक ज्याचे अनुयायी आहेत त्या शाफिई मजहबमध्येही तो पढला जातो. अशा एका मयतीवर प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज पढली नाही, ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे, बहुसंख्य विद्वानांनी ती इतरांना धाक राहावा यासाठी होती असा अर्थ लावला आहे. त्याच सहीह मुस्लिममध्ये तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत मदीनेला हिजरत करून आलेल्या एका माणसाची हकीकत आहे. आजाराची वेदना असह्य होऊन त्याने स्वतःच्या हाताने जीव दिला. तुफैल यांनी त्याला स्वप्नात चांगल्या स्थितीत पाहिले, फक्त हात झाकलेले होते. जे त्याने स्वतः बिघडवले ते दुरुस्त केले जाणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. प्रेषितांनी हे ऐकले आणि अल्लाहकडे त्याच्या हातांसाठीही क्षमा मागितली. यातून कोणी परवानगी काढू नये. पण मागे राहिलेल्या आई-वडिलांना, “तो तर जहन्नमी” असे सांगण्याचा अधिकार या हदीसनंतर कोणाकडे उरतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

त्या घरी जमातीने जावे. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवण्यास प्रेषितांनी (स.) सांगितले होते, अशा घरीही तसेच जेवण जावे. कारण कुजबुजत विचारू नये. आणि चाळिसावा उलटला तरी जाणे थांबवू नये, कारण ज्या घरात अशी मयत झाली तेथील भावंडे, पत्नी, मुले यांनाही नंतरच्या महिन्यांत तेच विचार येण्याचा धोका अधिक असतो. त्यांच्याजवळ बसून तोच सरळ प्रश्न विचारावा, आणि १४४१६ हा क्रमांक त्यांच्याही फोनमध्ये लिहून द्यावा.